गेलेला पैसा परत कसा येतो?

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या खणात एक ठेवपावती आहे. आईने डेअरीला दूध घालून वर्षानुवर्षे साठविलेले अठ्ठेचाळीस हजार रुपये तिच्यावर अक्षरी आणि अंकी लिहिलेले आहेत. खाली व्यवस्थापकाची सही व गोल शिक्का आहे. ज्या पतसंस्थेने ही पावती दिली तिचे दार मी नववीत असताना एका सोमवारी उघडले नाही आणि नंतर कधीच उघडले नाही.

त्या दिवसांत आमच्या गावात एकच प्रश्न ऐकू येई, "पैसा गेला कुठं?" खरे पाहता उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. अमक्या संचालकाच्या मेहुण्याच्या नावावर बागायत झाली, तमक्याच्या सुनेच्या नावावर शहरात दोन सदनिका झाल्या, हे पारावर उघड बोलले जाई. आईला घेऊन वडील तालुक्याच्या वकीलसाहेबांकडे गेले तेव्हा मीही बरोबर होते. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "ताई, पैसा कुठं आहे ते मलाही माहीत आहे. पण माहीत असणं निराळं आणि कोर्टात दाखवणं निराळं."

ते वाक्य मी विसरले नव्हते. म्हणून यंदा आमच्या सरांनी प्रकल्पासाठी 'भ्रष्टाचार आणि आंतरराष्ट्रीय कायदा' हा विषय दिला तेव्हा मी दुसरा विषय मागितला नाही. वाचता वाचता जिनिव्हातील एका वकिलाची आणि नायजेरिया या आफ्रिकेतील देशाची हकीकत हाती लागली. रकमा आमच्या गावाच्या कल्पनेबाहेरच्या होत्या, पण प्रश्न तोच होता. माहीत असणे आणि दाखविणे यांतले अंतर कापायचे कसे? तीच हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

लुटीची रीत

नोव्हेंबर १९९३ मध्ये जनरल सानी अबाचा यांनी नायजेरियाची सत्ता हाती घेतली. ८ जून १९९८ रोजी ते अचानक वारले. या साडेचार वर्षांत त्यांनी व त्यांच्या गोतावळ्याने देशाबाहेर किती पैसा नेला याचे अंदाज दोन अब्जांपासून पाच अब्ज डॉलरपर्यंत दिले जातात. नायजेरिया हा तेलाचा देश आहे. जमिनीखालून निघणाऱ्या संपत्तीवर सरकारची तिजोरी भरते आणि त्या तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती त्याला विचारणारा त्या काळी कोणी नव्हता.

लुटीची रीत चमत्कारिक वाटावी इतकी साधी होती. अबाचांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एक पत्र लिहीत की देशाच्या सुरक्षिततेसाठी तातडीने इतकी रक्कम हवी आहे. अबाचा त्या पत्रावर मंजुरीची सही करीत. ते पत्र मध्यवर्ती बँकेत जाई आणि बँक पैसे देई, पुष्कळदा रोख डॉलरमध्ये. सुरक्षेचे कोणते काम, कोठे, किती खर्च, हे कोणी विचारीत नसे. ही रोकड अखेर अबाचांच्या घरी पोचे आणि तेथून परदेशी बँकांच्या वाटेला लागे.

दुसरी रीत कंत्राटांची. दहा रुपयांची वस्तू सरकारने पन्नासाला घ्यायची आणि वरचे चाळीस बाहेरच्या बाहेर वाटून घ्यायचे. या रीतीत आपल्याकडचाही एक धागा गुंतलेला आहे. १९९६-९७ च्या सुमारास नायजेरियाच्या सरकारला फुगविलेल्या किमतीत ट्रक पुरविणाऱ्या एका भारतीय व्यापाऱ्याला, त्यातून आलेला पैसा दडविल्याबद्दल, इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाच्या न्यायालयाने २०१० साली दोषी ठरविले.

आता मुख्य मुद्दा असा, की हे पैसे ज्यांनी ठेवून घेतले त्या बँका कोण्या आडगावच्या नव्हत्या. स्वित्झर्लंडच्या बँकिंग आयोगाने २००० साली एकोणीस बँकांची चौकशी केली. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या वित्तीय नियंत्रकाने आपल्याकडील तेवीस बँका तपासल्या आणि पंधरा बँकांच्या दक्षतेत गंभीर उणिवा आढळल्याचे सांगितले. १९९६ ते २००० या चार वर्षांत त्या खात्यांतून १३० कोटी डॉलरची उलाढाल झाली होती. चोर नायजेरियात होता हे खरे, पण त्याची कोठारे युरोपात होती.

जिनिव्हाचे वकील

१९९९ साली नायजेरियात निवडणुका होऊन ओलुसेगुन ओबासान्जो अध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिनिव्हातील एन्रिको मॉन्फ्रिनी या वकिलांना नायजेरियाच्या एका वरिष्ठ प्रतिनिधीने रात्री उशिरा बोलावून घेतले. हा पैसा शोधता येईल का, रोखता येईल का आणि परत मिळेल का, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांनी हो म्हटले. खरे म्हणजे तोवर त्यांना अशा कामाचा फारसा अनुभव नव्हता. १९८० च्या दशकापासून कोको, कॉफी अशा मालाचा व्यापार करणारे काही नायजेरियन त्यांचे पक्षकार होते आणि त्यांच्याच शिफारशीने आपले नाव पुढे गेले असावे असा त्यांचा कयास होता. मोठी कामे पुष्कळदा जुन्या, साध्या पक्षकारांच्या विश्वासातून येतात, हे वकिलीत जाऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली वाट सरकारी. एका देशाने दुसऱ्या देशाला रीतसर विनंती करायची की अमक्या खात्याची माहिती द्या, ते गोठवा. याला परस्पर न्यायसहकार्य म्हणतात. पण विनंती करताना कोणती बँक, कोणते खाते, कोणता गुन्हा हे आधी सांगावे लागते. ज्याला हे सगळे ठाऊक आहे त्यालाच माहिती मिळते, असा हा उफराटा प्रकार. शिवाय कागद या मंत्रालयातून त्या मंत्रालयात जाईपर्यंत खात्यातली रक्कम तिसऱ्या देशात पोचलेली असते.

दुसरी वाट मॉन्फ्रिनींनी स्थानिक कायद्यातून काढली. स्वित्झर्लंडमध्ये ज्याचे नुकसान झाले तो फौजदारी खटल्यात स्वतः पक्षकार म्हणून उभा राहू शकतो. आपल्याकडे फिर्यादी बहुधा साक्षीपुरता असतो आणि खटला सरकार चालविते. तेथे नुकसान झालेल्याला खटल्याची कागदपत्रे पाहता येतात आणि चौकशीत भाग घेता येतो. मॉन्फ्रिनींनी जिनिव्हाच्या सरकारी वकिलांकडे फिर्याद दिली आणि नायजेरिया हे संपूर्ण राष्ट्रच पीडित पक्ष म्हणून त्या खटल्यात उभे केले. फिर्याद होती परकीय हुकूमशहाच्या कुटुंबावर, पण गुन्हा मांडला होता जिनिव्हाच्या हद्दीत झालेला. चोरीचा पैसा येथील बँकांत धुतला गेला, हा तो गुन्हा.

याचा परिणाम तत्काळ झाला. अबाचा या नावाने किंवा त्यांच्या टोपणनावांनी कोणाचे खाते असेल तर कळवा, असा इशारा सर्व बँकांना गेला. अठ्ठेचाळीस तासांत जवळजवळ सगळ्या बँकांनी आपल्याकडे काय आहे ते सांगून टाकले. बँकांकडून कागद सरकारी वकिलांकडे येत. त्यांना ते सगळे वाचायला सवड नसे, म्हणून ते वाचण्याचे काम मॉन्फ्रिनींच्या कचेरीत होई. प्रत्येक खात्याच्या उताऱ्यावर पैसा कोठून आला आणि कोठे गेला हे लिहिलेले असते. एका खात्याने दुसऱ्याचा पत्ता सांगितला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. त्या धाग्याला धरून लक्झेंबर्ग, लिख्टेनश्टाइन, जर्सी, ब्रिटन अशी खाती एकामागून एक उघडी पडत गेली.

आपण चित्रपटांत पाहतो तसा पाठलाग येथे नाही. कागदांचे ढीग आहेत आणि ते न कंटाळता वाचणारी माणसे आहेत. हेच या वकिलीचे खरे रूप होय.

रोखण्याची हत्यारे

इंग्लंडच्या कायद्याची परंपरा ज्या देशांत आहे तेथे हीच कामे निराळ्या हत्यारांनी करावी लागतात. त्यांपैकी दोन सांगतो ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही आवडतील.

पहिले १९७३ चे. एका औषधाचे पेटंट असलेल्या कंपनीला कळले की कोणी तरी ते औषध चोरून आयात करीत आहे. आयात करणारे कोण हे फक्त जकात खात्याला ठाऊक होते. जकात खात्याने काही गुन्हा केला नव्हता, पण गुन्ह्याच्या वाटेत ते नकळत सापडले होते. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरविले की अशा निरपराध त्रयस्थानेही नावे सांगितली पाहिजेत. आज याच तत्त्वाने बँकांना विचारता येते की, तुम्ही चोर नाही हे मान्य, पण चोराचा पैसा तुमच्याकडून कोठे गेला ते सांगा.

दुसरे १९७५ चे. 'मारेवा' नावाचे जहाज भाड्याने घेणाऱ्या कंपनीने मालकांचे भाडे थकविले. तेच जहाज तिने पुढे भारत सरकारला भाड्याने दिले होते आणि भारताने चुकते केलेले पैसे लंडनच्या एका बँकेत तिच्या खात्यावर पडून होते. निकाल लागेपर्यंत कंपनी ते पैसे उचलून पसार होईल अशी मालकांना भीती होती. तोवर कायदा म्हणे, आधी खटला जिंका, मग वसुली करा. लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायपीठाने निकालाआधीच पैसे हलविण्यास मनाई केली. तेव्हापासून अशा मनाईहुकुमाला त्या जहाजाचेच नाव पडले.

पत्ता विचारणे आणि जागच्या जागी रोखणे. पैसा परत मिळविण्याच्या कामात या दोन गोष्टी आधी साधाव्या लागतात, न्याय-अन्यायाचा वाद नंतर.

सिद्ध कोणी करायचे?

पैसा सापडला, गोठला. पण गोठलेला पैसा परत आलेला नसतो. आता मूळ प्रश्न येतो. या खात्यातला हा डॉलर त्याच चोरीचा आहे हे दाखवायचे कोणी?

आमच्या आईचे दूध मी डेअरीत घालते. किटलीतले दूध मापाने मोजून टाकीत ओतले की नंतर यातले आमच्या म्हशीचे कोणते, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पैशाचे तसेच आहे. चोरीचा पैसा, व्यापाराचा पैसा, व्याज, सगळे एकत्र होते, दहा खात्यांतून फिरते आणि नवे नाव घेऊन बाहेर पडते. नेहमीच्या नियमाप्रमाणे आरोप करणाऱ्यानेच सिद्ध करायचे म्हटले तर प्रत्येक रकमेचा माग मूळ चोरीपर्यंत नेणे जवळजवळ अशक्य. चोर जितका मोठा तितका माग पुसण्याचा खर्च त्याला अधिक परवडतो.

येथे मॉन्फ्रिनींनी जो मुद्दा मांडला तो या सगळ्या प्रकरणाचा कणा होय. स्विस दंडसंहितेत संघटित गुन्हेगारीसंबंधी एक कलम आहे. ते माफियासारख्या टोळ्या डोळ्यांपुढे ठेवून केलेले. एखादी मालमत्ता गुन्हेगारी संघटनेच्या ताब्यातली आहे असे ठरले, तर ती गुन्ह्यातूनच आली असे गृहीत धरले जाते. तशी नाही हे ती बाळगणाऱ्याने दाखवायचे. मॉन्फ्रिनींचे म्हणणे असे की, अबाचा आणि त्यांचे साथीदार ही राज्य चालविणारी मंडळी नव्हतीच. राज्याची साधने वापरून देश लुटण्यासाठी जमलेली ती एक टोळी होती.

७ फेब्रुवारी २००५ रोजी स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका उचलून धरली. सुमारे ४५ कोटी ८० लाख डॉलर उघडउघड गुन्ह्यातून आलेले आहेत, तेव्हा नायजेरियातील जप्तीच्या अंतिम निकालाची वाट न पाहता ते परत करावेत, असा निर्णय झाला. थोड्या रकमेपुरती, ती आपल्या रास्त कमाईची आहे हे दाखविण्याची संधी कुटुंबाला ठेवण्यात आली. या निर्णयानंतरचे व आधीचे मिळून २००६ पर्यंत सुमारे ५० कोटी ५० लाख डॉलर स्वित्झर्लंडहून नायजेरियाकडे गेले.

हे मी वर्गात वाचून दाखविले तेव्हा आमच्या सरांनी विचारले, "उद्या हेच कलम सरकारने विरोधकांवर चालवलं तर?" प्रश्न रास्त आहे. आरोपीने आपले निरपराधित्व सिद्ध करावे ही पद्धत हुकूमशहाच्या हातात गेली तर अनर्थ होईल. मला सुचलेले उत्तर असे, की येथे आधी टोळी होती हे सिद्ध करावे लागते, मगच ओझे उलटते आणि तेही मालमत्तेपुरते. माणसाला तुरुंगात घालायचे तर गुन्हा सरकारनेच शाबीत करायचा. शिवाय खुलासा करण्याची संधी राहते. सर हसले आणि म्हणाले, "उत्तर बरं आहे, पुरं नाही." मलाही ते मान्य आहे.

दोन धडे

वाचकांना वाटेल की मग असे सगळेच पैसे परत येत असतील. तसे नाही.

२००२ साली नायजेरियाच्या सरकारने अबाचा कुटुंबाशी तडजोड ठरविली होती. कुटुंबाने सुमारे १२० कोटी डॉलर सोडायचे, दहा कोटी स्वतःकडे ठेवायचे आणि खटले मिटवायचे. चोराला दहा कोटी बक्षीस, असे लोकांनी म्हटले तर त्यांचे चुकले नाही. पण वीस वर्षे खटले चालविण्यापेक्षा आज हाती येणारा पैसा बरा, हा विचारही मूर्खपणाचा नव्हे. अखेर कुटुंबच मागे फिरले आणि ती तडजोड बारगळली. पुढे २०१४ साली दुसरी तडजोड झाली, तिच्यामागोमाग लक्झेंबर्गमधील पैसा मोकळा होण्याची वाट खुली झाली.

दुसरा धडा झाईरचे हुकूमशहा मोबुटु यांचा. १९९७ साली त्यांची सत्ता गेल्यावर स्वित्झर्लंडने त्यांची मालमत्ता गोठविली. पण त्यांच्या देशाच्या नव्या सरकारने पाठपुरावाच नीट केला नाही. बारा वर्षे थांबून, कायद्याने आणखी अडविता येईना म्हणून, २००९ साली सुमारे ७७ लाख फ्रँक त्यांच्या वारसांना परत द्यावे लागले. ज्याचा पैसा गेला तोच मागायला आला नाही तर परक्या देशाचा न्यायाधीश काय करणार? या फजितीतून स्वित्झर्लंडने पुढे कायदा बदलला, आणि मूळ देशाची न्यायव्यवस्था ढासळली असली तरी असा पैसा जप्त करता यावा अशी सोय केली. त्याआधी २००३ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या भ्रष्टाचारविरोधी कराराने चोरलेली संपत्ती परत करणे हे मूलभूत तत्त्व म्हणून मान्य केले होते. भारताने तो करार २०११ साली स्वीकारला.

परत आला, पण कोणाकडे?

ही हकीकत मी घरी आईला सांगितली. ती भाकऱ्या थापीत होती. जिनिव्हा आणि न्यायालये यांत तिला फारसा रस वाटला नाही. तिने एवढेच विचारले, "मग पैसे परत आल्यावर दिले कुणाच्या हातात?"

या एका प्रश्नावर जागतिक बँकेचे अधिकारी, मंत्री आणि स्वयंसेवी संस्था वर्षानुवर्षे डोके खाजवीत आहेत. २००५-०६ साली आलेले पैसे वीज, रस्ते, आरोग्य, शिक्षण आणि पाणी या पाच खात्यांसाठी होते आणि जागतिक बँकेने देखरेख करायची होती. पण पैसे येतील या भरवशावर सरकारने ते २००४ च्याच अंदाजपत्रकात धरले होते. ते इतर पैशांत मिसळले, म्हणजे पुन्हा डेअरीच्या टाकीसारखेच झाले. नायजेरियातील स्वयंसेवी कार्यकर्ते गावोगाव पाहायला गेले तेव्हा काही कामे नीट झालेली दिसली, काही अर्धवट सोडलेली.

त्यातून शहाणपण आले. लक्झेंबर्गमधील सुमारे ३२ कोटी डॉलर परत करण्याबाबत डिसेंबर २०१७ मध्ये स्वित्झर्लंड, नायजेरिया आणि जागतिक बँक यांच्यात करार झाला. ते पैसे सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न टाकता अतिगरीब कुटुंबांना दरमहा पाच हजार नायरा थेट देण्यासाठी राखून ठेवण्यात आले आणि तपासणीचे काम तेथील नागरी संघटनांकडे गेले. २०२० साली जर्सीहून आलेले तीस कोटींहून अधिक डॉलर दोन महामार्ग आणि नायजर नदीवरील दुसरा पूल अशा ठरलेल्या तीन कामांना बांधून देण्यात आले. पैसा परत आणणे हे अर्धे काम आहे. तो ज्याचा होता त्याच्यापर्यंत पोचविणे हे उरलेले अर्धे.

काळ्या कोटाची दुसरी बाजू

येथवर वाचून कोणाचा असा समज होईल की वकील म्हणजे सगळे लुटीविरुद्ध लढणारे. तसा समज करून देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चोरीचा पैसा ज्या कंपन्यांच्या नावांआड लपतो त्या कंपन्या कायद्याच्या जाणकारांनीच उभ्या केलेल्या असतात.

याच नायजेरियाचे दुसरे एक प्रकरण पाहा. २०१० साली एका परदेशी कंपनीने तेथे वायुशुद्धीकरणाचा कारखाना उभारण्याचा करार केला. कारखाना कधीच उभा राहिला नाही. सरकारने करार मोडला म्हणून कंपनी लवादापुढे गेली. आंतरराष्ट्रीय लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून नेमलेले खाजगी पंच. २०१७ साली त्या पंचांनी नायजेरियाने कंपनीला ६६० कोटी डॉलर द्यावेत असा निवाडा दिला. व्याज चढत चढत हा आकडा ११०० कोटींवर गेला. न झालेल्या कारखान्यासाठी एका गरीब राष्ट्राने एवढे पैसे मोजायचे!

नायजेरियाने नवे वकील दिले. त्यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयांमार्फत बँकांचे उतारे मागविले आणि पुन्हा तीच कागदाला कागद लावण्याची विद्या कामी आली. २३ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने ठरविले की हा निवाडा लबाडीने मिळविलेला होता. अधिकाऱ्यांना लाच दिली गेली होती, खोटी साक्ष झाली होती आणि नायजेरियाचे गोपनीय कायदेशीर कागद कंपनीच्या हाती पोचत होते. पुढे तो निवाडा रद्द झाला. ज्यांना त्या निवाड्यातून प्रचंड वाटा मिळणार होता असे दोन ब्रिटिश वकीलही या प्रकरणात होते. न्यायाधीशांनी निकालपत्राची प्रत वकिलांच्या वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांकडे पाठविली. म्हणजे एकाच देशाच्या कामात एका बाजूस पैसा परत आणणारे वकील आणि दुसऱ्या बाजूस हे.

खुद्द मॉन्फ्रिनींच्या मोबदल्यावरही वाद झाला. त्यांना परत मिळालेल्या रकमेच्या चार टक्के मिळणार होते. शंभर डॉलरमागे चार म्हणजे थोडेच वाटतात, पण कोट्यवधींवर चार टक्के म्हणजे अफाट. ते म्हणतात की या कामाच्या मानाने हे स्वस्तच. मला नीट ठरविता आलेले नाही. पैसे मिळाले तरच मोबदला, अशा अटीवर इतकी वर्षे काम करणारा मनुष्य दुसरीकडे मिळाला असता का, हेही विचारले पाहिजे. पुढे त्यांनी हैती व ट्युनिशिया या देशांसाठीही अशीच कामे केली.

आपल्यासाठी काय?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हे सारे का वाचावे, असे कोणी विचारील. मला वाटते, या वकिलीला लागते ते आपणच शिकत असतो. चार भाषांतले कागद वाचणे, एका दस्तऐवजाची दुसऱ्याशी पडताळणी करणे, कोणी काय लिहिले यापेक्षा काय लिहिले नाही हे ओळखणे. इतिहासाच्या वर्गात बखर आणि पत्र समोरासमोर ठेवून आपण हेच करतो. आणि हवा तो धीर. १९९९ च्या त्या रात्रीपासून जर्सीचे पैसे परत येईपर्यंत एकवीस वर्षे गेली.

आता शेवटचे आणि घरचे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा एक कायदा आहे, त्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. फसविणाऱ्या संस्थेच्या पैशातून दुसऱ्यांच्या नावावर घेतलेली मालमत्ताही त्याखाली जप्त होऊ शकते. मात्र ती दाखवावी लागते. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही एकोणीस ठेवीदार कुटुंबे एकत्र बसलो. पारावरच्या गप्पांची यादी केली. मग प्रत्येक गटाचा सातबारा आणि फेरफार उतारा काढला, खरेदीची तारीख पाहिली आणि पतसंस्थेने ज्या तारखांना मोठी कर्जे वाटली होती त्या तारखांशेजारी ती मांडली. तीन ठिकाणी दोन तारखांमध्ये आठवड्याहून कमी अंतर निघाले.

ते कागद घेऊन वडील आणि मी त्याच वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळे सावकाश वाचले. यावेळी ते म्हणाले, "हे दाखवता येईल."

पैसे मिळतील की नाही हे मी सांगू शकत नाही. अर्ज दाखल झाला आहे, तारीख पडली आहे. मी मात्र विधी महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे.